पुरावा हाती असताना
(कोरपना येथील भाषण)

१९८२ पर्यंत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागील नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत अशी घट झाली नाही. ‘लॅन्सेट’ने हे संशोधन १९९९ साली छापले. केंद्राने ही पद्धत ‘आशां’मार्फत देशभर नेण्याचे ठरविले ते २०११ साली! गरिबांच्या मुलांसाठी सत्तेला घाई नसते. त्या आशांनाही अद्याप वेतनाऐवजी मानधनच मिळते. म्हणून प्रत्येक ग्रामसभेत विचारा: किती बालके जन्मली, किती दगावली, आशांचे मानधन किती थकले? हा हिशेब घेऊनच आपण तहसीलवर जाऊ.