उसवलेल्या लोकरीचा गळपट्टा
(सावेडी येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. हातात सुया असल्या म्हणजे मात्र तोंड आपोआप चालते. म्हणून हा गळपट्टा घेऊनच उभी राहिले आहे.

आपल्या नगरकडची लोकर दख्खनी मेंढीची. घोंगडीला ती उत्तम, पण गळ्याला टोचते. विणायला मऊ लोकर हवी. १९६२ साली चीनच्या युद्धात जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले, त्यांत माझी आईही होती. तिच्या ८ नंबरच्या सुया माझ्याकडे आहेत. लोकर घरचीच : मुलांचे आखूड झालेले स्वेटर आणि यजमानांचा निळा. ते गेल्यापासून तो ट्रंकेतच होता. कसर लागू लागलेली दिसली, तेव्हा मन घट्ट करून उसवला. लडी करून कोमट पाण्यात धुतल्या, वाळवल्या. लोकर सरळ झाली.

आता कृती. ३० टाके घाला. पहिली ओळ जाळीची : २ सुलट, मग सुईवर लोकर घेऊन दोन टाक्यांचा एक, असे करीत जा, शेवटी २ सुलट. परतीची ओळ सबंध सुलट. पुढे सगळे सुलटच. २५ टाके विणून वळा, परत या. मग २०, १५, १० आणि ५. दर वेळी वळण्यापूर्वी लोकर पुढे घ्या, पुढला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, लोकर मागे न्या, टाका डाव्या सुईवर परत ठेवा. नाहीतर तिथे नको ते भोक पडते. शेवटी एकच ओळ सबंध विणा. सुई दुसऱ्या कडेला येते. तिथून नवा रंग, नवी पाचर.

पहिल्या खेपेस मी ही शेवटची ओळ दोनदा विणली. सगळ्या पाचरी एकाच कडेला आल्या आणि पट्टा चकलीसारखा वळला. नातवाने तो डोक्यावर घातला. सगळे हसले, मला मात्र रडू आले. निळी लोकर पुन्हा उसवायची होती! सूनबाई जवळ येऊन म्हणाली, "आई, तुम्ही उसवा, मी गुंडा करते."

शेवटच्या तीन पाचरी तिच्या हातच्या आहेत. टाके जरा घट्ट आहेत. मी तसेच राहू दिले.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी नवी लोकर आणू नये. ट्रंकेतला जुना स्वेटर आणावा. उसवायला मी शेजारी बसेन.