मोटारीचीं चालक चाकें

मोटारगाडी घ्यावयास निघालेलें कुटुंब दुकानांत शिरतें, तेव्हां त्याची दृष्टि प्रथम रंगावर जाते, मग बैठकीवर, मग किंमतीवर. चार चाकांपैकीं इंजिन फिरवितें कोणतीं आणि नुसतीं फरफटत येतात कोणतीं, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. विक्रेता 'फोर-बाय-फोर' हे शब्द उच्चारतो, किंमत एकदम चढते, आणि आपण अधिक सुरक्षितता विकत घेत आहों अशा समजुतीनें गृहस्थ सही करून मोकळा होतो.

जुन्या गाड्यांची रचना सरळ होती. इंजिन पुढें, चालक चाकें मागें, आणि दोहोंना जोडणारा लांब फिरता दंड गाडीच्या पोटाखालून गेलेला. ॲम्बेसेडर अशीच होती, कुर्ल्यास बनणारी पद्मिनीहि अशीच. मागच्या बैठकीपुढें मधोमध जो उंचवटा असे तो या दंडासाठीं. मध्यें बसणाऱ्या मुलाला पाय ठेवावयास जागा म्हणून नसे. १९५९ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस यानें 'मिनी' गाडींत इंजिन आडवें बसवून त्याची शक्ति पुढच्याच चाकांना दिली. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० नें हाच प्रकार भारतीय मध्यमवर्गाच्या घरीं पोंचविला. दंड गेला, वजन घटलें, आणि छोट्या गाडींत माणसांना जागा झाली.

या रचनेंत इंजिनाचा भार चालक चाकांवरच पडतो, म्हणून ओल्या सपाट रस्त्यावर तीं चांगली पकड घेतात. चढणीवर मात्र भार मागें सरकतो. पांच माणसें व सामान घेऊन कोंकणांतल्या घराची शेवाळलेली चढण चढूं लागावें, तों पुढचीं चाकें जागच्या जागीं गरगरतात. अशा ठिकाणीं मागचीं चालक चाकें बरीं; पण मागें कोणी बसलेलें नसतां निसरड्या वळणावर जोर दिला, तर त्या गाडीची मागची बाजू बाहेर फेंकली जाते.

चारहि चाकांना जोर देणारी जीप १९४१ पासून युद्धांत वापरली गेली आणि १९४७ सालीं महिंद्रांनीं ती मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. तींतला गुण चिखलाचा व वाळूचा आहे. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात; म्हणून ज्या गाडींत दोन्ही आंस एकमेकांस घट्ट जखडले जातात, ती कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या स्थितींत चालविली तर यंत्रावर ताण येऊन मोडतोड होते. ज्या गाड्या चारहि चाकांना सदैव किंवा गरजेप्रमाणें आपोआप शक्ति वांटतात त्यांना ही अडचण नाहीं; मात्र त्यांचीं चारहि टायरें सारखीं झिजलेलीं असावीं लागतात. केवळ मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर आयुष्य घालविणाऱ्या गाडीला हा खटाटोप म्हणजे चौपाटीवर फिरावयास बर्फांतले बूट घेण्यासारखें आहे.

खरा धोका निराळाच आहे. चार चालक चाकें गाडीला निघावयास मदत करितात, थांबावयास नव्हे. ब्रेक सर्वच गाड्यांना चारहि चाकांवर असतात, आणि आषाढांत आंबोलीचा घाट उतरतांना गाडी किती अंतरांत थांबेल हें टायरांची पकड आणि वेग ठरवितात. निसरड्यावर सहज वेग घेणारी गाडी चालकाला फसविते. रस्ता किती निसरडा आहे हें त्याला ब्रेक दाबल्यावर कळतें. वाढीव किंमतीचा कांहीं भाग नव्या टायरांवर खर्च झाला तर त्याच कुटुंबाचें अधिक हित होईल.

जुनी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेणारानें मोकळ्या मैदानांत सुकाणूं पूर्ण वळवून ती हळू फिरवून पाहावी. टकटक आवाज आला तर चाकाकडील सांधा झिजला असें बहुधा समजावें. त्यावरचें रबरी आवरण फाटून वंगण गेलें कीं तो लवकर खराब होतो. हें आवरण वांकून पाहिल्यास दिसतें, आणि गाडी धुवून पुसून ठेवणारे विक्रेतेहि तें क्वचितच बदलतात.

विजेच्या गाड्यांनीं हा प्रश्न पुन्हां मांडला आहे. टाटांच्या नेक्सॉनची विद्युत् मोटर पुढचीं चाकें फिरविते, तर २०२४ सालीं आलेल्या महिंद्रांच्या बीई ६ ची मागचीं. लांब दंड मात्र दोहोंतहि नाहीं, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींतहि आतां मधल्या मुलाचे पाय जमिनीला टेकतात.