गोव्यांतील घोडदळाची स्वारी



ज्युबिलीच्या मंगल दिवशीं युद्धाची आठवण कशास, असें आपणांस वाटेल. परंतु तींत आपणांसाठीं एक धडा आहे.

सन १६८३ च्या नोव्हेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्यांनीं मराठ्यांच्या फोंडा किल्ल्यावर स्वारी केली. संभाजी महाराजांनीं वेढा उठविला व पुढें जुवें बेट घेतलें. तेव्हां व्हाइसरॉयांनीं आपली अधिकारदर्शक छडी संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या हातीं ठेवून राज्याच्या रक्षणाची याचना केली.

डिसेंबरांत मराठ्यांचें घोडदळ व पायदळ गोव्याच्या साष्टी व बारदेश प्रांतांत शिरलें. मडगांव पडलें, गांवें लुटलीं गेलीं, ख्रिस्तमंदिरांसही झळ पोंचली. १६८४ च्या जानेवारींत मोंगल शहाजादा शाह आलम चालून येऊं लागला, तेव्हां स्वार परतले.

फोंड्यावर जावें कीं न जावें, हें साष्टीच्या कुळाला कोणीं विचारलें होतें? वेढा व्हाइसरॉयांनीं घातला. दंड मात्र कुळानें भरला. आणि फोंड्याच्या हिंदु रयतेनेंही त्याआधीं फिरंगी तोफांचा गडगडाट ऐकलाच होता.

म्हणून ही हकीगत मुलांस अवश्य सांगा. पण तींतून वैराचें बीं पेरूं नका. आज घंटा वाजेल तेव्हां, राजांच्या भांडणांत भरडल्या गेलेल्या उभय बाजूंच्या गरीब रयतेसाठीं, धर्म न विचारतां, एक प्रार्थना करा. ज्युबिलीचा आनंद त्यानें उणा होणार नाहीं.