नेरच्या गोठ्याला डॉक्टर का मिळत नाही?



नेर-परसोपंत तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला किंवा मुलीला पशुवैद्यकाच्या पदवीस प्रवेश मिळतो, तेव्हा गावात पेढे वाटले जातात. 'नीट'ची चाळण पार करायची, साडेपाच वर्षे शिकायचे, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कार्यानुभवात घालवायचे. एवढे करून हाती आलेली पदवी घेऊन तो तरुण नेरला परततोच असे नाही. पुण्या-मुंबईला राहतो, औषध कंपनीत जातो किंवा स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो. अशा तरुणाला ध्येयशून्य ठरविण्याची सवय कार्यकर्त्यांनाही जडली आहे. ही सवय सोयीची असली तरी अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नाही.

माणसाच्या उपचारावर किती खर्च करायचा, याला घरचे लोक मर्यादा मानीत नाहीत. प्रसंगी शेत विकतात. जनावराच्या बाबतीत तसे होत नाही. शेळी जितक्याला बाजारात मिळते, तितक्याहून अधिक खर्च तिच्या औषधपाण्यावर कोणी करणार नाही आणि करू नये. म्हणजे पशुवैद्याच्या फीची कमाल मर्यादा त्याच्या विद्वत्तेने ठरत नसून पुढ्यातल्या जनावराच्या किमतीने ठरते. कोल्हापूर-सांगलीकडे संकरित गाय रोज दूध देते, दूध संघाचे पैसे ठरावीक मुदतीत हाती पडतात, त्यातून डॉक्टरची फी निघते. पुण्यातल्या कुत्र्याचा बाजारभाव तर कोणी विचारीतच नाही. तेथे फी मालकाच्या पगारावर ठरते. नेर हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. येथला बैल रोकड देत नाही, तो नांगरट, वखरणी, डवरणी देतो. त्याचे मोल हंगामाच्या शेवटी, आणि तेही पीक हाती आले तर, कळते. २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाची उरलीसुरली किंमतही घसरली. अशा ठिकाणी दवाखान्याची पाटी लावून बसलेल्या पदवीधराने संसार कशावर चालवायचा? त्यागाच्या व्याख्यानावर तो चालत नाही.

म्हणूनच हे क्षेत्र बाजारावर सोडून चालत नाही. साथीच्या रोगांचे उदाहरण घ्या. एका गोठ्यातल्या जनावराला लाळ्या-खुरकुताची लस टोचली की त्याचा लाभ शेजारच्या गोठ्यालाही मिळतो. पण शेजारी त्याचे पैसे देत नाही. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली. तो रोग हटविण्याची देशव्यापी मोहीम १९५४ साली सुरू झाली, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ साली सारे जग. हे काम कोणा खाजगी व्यावसायिकाने फी घेऊन केलेले नाही. पगारी सरकारी पशुवैद्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या परिचरांनी खेडोपाडी हिंडून केले आहे. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हाही मोफत लसीकरणासाठी लोकांनी सरकारी दवाखान्याकडेच पाहिले.

शिक्षणाची बाजू तशी लंगडी नाही. परळचे महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. परभणी, उदगीर, शिरवळ पुढे आली. २००० साली नागपुरास स्वतंत्र विद्यापीठही झाले. पदवीधर निर्माण करण्याची यंत्रणा उभी राहिली, त्याला नेमण्याची मात्र अडखळत राहिली. २०२५ साली लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांची जाहिरात एकदम काढली. तरुणांना आनंद झाला, तो योग्यच. पण एका जाहिरातीत इतकी पदे निघतात, त्याअर्थी ती भरण्याचे किती काळ टळले असेल, हा प्रश्न त्या आनंदात विचारायचा राहून जातो. पदवीधराचे उमेदीचे वय जाहिरातीची वाट पाहण्यात जाते, आणि त्याच काळात शेतकऱ्याचे जनावर डॉक्टरची वाट पाहते.

ही पोकळी भरण्यासाठी शासनाने १९६२ क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पथके आणली. सुमारे एक लाख जनावरांमागे एक गाडी, त्यात एक पशुवैद्य, एक सहायक आणि एक चालक. योजना वाईट नाही. गाय अडली असता फोन करायला क्रमांक असणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गाडी ही दवाखान्याला जोड असते, पर्याय नसतो. कंत्राटावर नेमलेल्या डॉक्टरला ना बढती, ना बदलीचा हक्क, ना उद्याची खात्री. अशा नोकरीला उत्पन्न म्हणता येईल, कारकीर्द म्हणता येणार नाही.

मग प्रत्यक्षात गोठ्यात येतो तो पदविकाधारक. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने व्यवसायाचा हक्क नोंदणीकृत पदवीधरांना दिला आणि किरकोळ सेवा पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली करू दिल्या. जेथे देखरेख करणाराच नेमलेला नाही, तेथे ही तरतूद कागदावर राहणारच. पदवीधर आणि पदविकाधारक एकमेकांविरुद्ध निवेदने देत बसतात. दोघेही बेकारीच्या एकाच कुंपणाशी उभे आहेत, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांतल्या एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला झोडपण्याचे कारण नाही.

जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी, त्यात यवतमाळही आले, पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात शेतकऱ्यांना निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे देण्याची कल्पना होती. कापूसवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात महागडी गाय आली. वैरण, पाणी, दूध घेणारा आणि आजारपणात पाहणारा यांची सोय तितक्या तत्परतेने आली नाही. गाईचा खुराक घरच्या माणसांच्या खुराकाशी स्पर्धा करू लागल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. गाय वाटण्याचे छायाचित्र निघते, पशुवैद्याचे पद भरल्याचे निघत नाही. एवढाच काय तो फरक.

नेरच्या कार्यकर्त्यांपुढचे काम त्यामानाने साधे आहे. तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने कोठे आहेत, तेथे मंजूर पदे किती, भरलेली किती, डॉक्टरला राहायला घर आहे की त्याने यवतमाळहून ये-जा करायची, फिरते पथक फोन केल्यावर किती वेळाने पोचते, याची गाववार नोंद पंचायत समितीकडून लेखी मागावी. शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन बायांना त्या चौकशीत पहिल्यांदा विचारावे; बैलवाल्याचा आवाज सभेत पोचतो, त्यांचा पोचत नाही. आणि ही नोंद पावसाळ्यापूर्वी, घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचण्याच्या दिवसांआधी, हाती यायला हवी.