पाळणाघरांतील बाईचें शिक्षण

धाराशिव जिल्ह्यांतील कळंब किंवा उमरगा यांसारख्या तालुक्याच्या गांवीं सकाळीं नऊच्या सुमारास गल्लींत उभें राहिलें, तर एक दृश्य हमखास दिसतें. नोकरीला जाणारी आई आपलें दीड वर्षाचें मूल शेजारच्या घरीं पोंचवून घाईनें निघते. दारावर बहुधा पाटी नसते. असलीच तर 'पाळणाघर' एवढाच शब्द. आंतली बाई चार-पांच मुलें सायंकाळपर्यंत सांभाळते. मुलें तिला मावशी म्हणतात. हें काम आपण कोठें शिकलांत, असें तिला कोणी विचारीत नाहीं.

अंगणवाडींत मात्र विचारतात. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. महाराष्ट्रांत आतां सेविका बारावी उत्तीर्ण असावी लागते व तिला प्रशिक्षणही मिळतें. घरगुती पाळणाघर चालविणारी बाई या व्यवस्थेच्या बाहेर राहिली.

आमच्या आजीनें सहा मुलें वाढविलीं, तिच्याजवळ कोणतें प्रमाणपत्र होतें, असें म्हणणारे भेटतात. वाढलेलीं सहा सर्वांना आठवतात. जीं पाळण्यांतच गेलीं, त्यांचीं नांवें घरांत कोणी काढीत नाहीं.

१९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडलें. पाड्यांवरचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्या स्वतःच पाड्यावर जाऊन अंगणांत बसल्या. पुढें कोसबाडला त्यांनीं पाळणाघर, बालवाडी व शाळा यांची सांगड घातली. कारण तान्ह्याला राखण्यासाठीं मोठी बहीण घरीं राहत असे. पाळणा हा शाळेचा पाया आहे, हें या दोघींनीं तेव्हांच ओळखलें होतें.

बारावीची अट या मावशीला घालणें मात्र योग्य नव्हे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९५ पासून गडचिरोलींतील ३९ गांवांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली, आणि तेथील नवजात-मृत्यु निम्म्याहून अधिक घटले. शिकावयाचें तें हातांनीं शिकावयाचें असतें. शेंगदाणा घशांत अडकला, तर वर्षाच्या आंतील बाळाला हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें व पाठीवर पांच थापा माराव्या. बोट घालून चांचपूं नये. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावें. वर्षावरील मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक वेळां चालला, तर आईची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. हें ऐकून येत नाहीं. बाहुली हातीं घेऊन पुन्हा पुन्हा करावें लागतें.

अडचण वेळेची आहे. आठवडाभराच्या शिबिराला ही बाई गेली, तर पांच आयांची नोकरी अडते, आणि तिची स्वतःची मिळकतही बुडते. पण आशा, अंगणवाडी सेविका व उपकेंद्रांतील परिचारिका या जवळपासच असतात. रविवारीं दुपारीं अंगणवाडीच्या खोलींत दोन तास त्यांच्याजवळ बसतां येईल. त्या दिवशीं मुलें आपापल्या आयांपाशींच असतात.