भांगेच्या कुळातील एक तेल आणि नोकरीची तपासणी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला असता भांगेच्या झाडाविषयी बोलावयास उभे राहणे वडीलधाऱ्या मंडळींस कदाचित रुचणार नाही. परंतु ज्यातील एखादा मुलगा वा मुलगी अमेरिकेत, आखातात किंवा बोटीवर नोकरीस नाही, असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळाच आढळेल. या झाडापासून काढलेले ‘सीबीडी’ नावाचे तेल अमेरिकेत दुकानोदुकानी मिळू लागले, आणि झोप येत नाही म्हणून, पाठ दुखते म्हणून आपली मुले ते घेऊ लागली. ते घेणारा व्यसनी नसतो, त्याला नशाही येत नाही. तथापि नोकरीच्या मूत्रपरीक्षेत तो गांजा ओढणाऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसू शकतो. हे कसे घडते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

भांग, गांजा व चरस ही तिन्ही एकाच झाडाची लेकरे. या झाडात अनेक द्रव्ये आहेत. त्यांपैकी दोन आपल्या कामाची. नशा आणणारे ते टीएचसी, व नशा न आणणारे ते कॅनाबिडिओल, म्हणजेच सीबीडी. सीबीडी हे थोतांड आहे असे मात्र कोणी समजू नये. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्य केले. पण ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे व मोजूनमापून बनविलेले असते. दुकानातील बाटलीची गोष्ट निराळी आहे.

डिसेंबर २०१८ च्या अमेरिकन कायद्याने, ज्या झाडात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक टीएचसी नाही, ते मादक द्रव्यांच्या यादीतून वगळले. (नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने ही व्याख्या बरीच आवळणारा कायदा केला.) ०.३ टक्के म्हणजे काहीच नाही, असे आपणांस वाटेल. आता हिशेब करू. तीस मिलिलिटरच्या बाटलीतील तेलास हेच प्रमाण लावले, तर बाटलीत ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास टीएचसी निघते. रोज एक मिलिलिटर घेणाऱ्याच्या पोटात दररोज अडीच मिलिग्रॅमहून अधिक जाते. हे द्रव्य चरबीत मुरते व सावकाश बाहेर पडते. त्यामुळे रोजचे थेंब साठत जातात.

आता परीक्षेकडे वळू. अमेरिकन सरकारी नियमांच्या मूत्रपरीक्षेत सीबीडी शोधलेच जात नाही. शोधतात तो टीएचसीचा शरीरात झालेला अवशेष. पहिल्या चाळणीची मर्यादा एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम, आणि पक्क्या तपासणीची १५. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश! ‘चाचणी खोटी निघाली’ असे अनेकदा म्हटले जाते, ते म्हणूनच बरोबर नव्हे. चाचणी खरी असते. तेलात टीएचसी होतेच, तेच तिने दाखविले. ते गांजातून आले की औषध म्हणून घेतलेल्या थेंबांतून, हे सांगणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे.

यावर ‘आम्ही टीएचसी नसलेली बाटली घेतो’ असे उत्तर येते. २०१७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशी ८४ उत्पादने विकत घेऊन तपासली होती. लेबलावर लिहिलेले सीबीडीचे प्रमाण जेमतेम एकतीस टक्के उत्पादनांत बरोबर निघाले, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. शंभर मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी एकवार दिल्यास परीक्षेत काही निघत नाही, हे २०२० च्या एका प्रयोगात दिसले. परंतु त्याच प्रयोगात ०.३९ टक्के टीएचसी असलेला सीबीडीप्रधान पाला वाफेवाटे दिला, तेव्हा सहापैकी दोघे परीक्षेत सापडले. शुद्धतेवर सारे अवलंबून, आणि शुद्धतेची हमी लेबलाकडून मिळत नाही, असा हा पेच आहे.

मालमोटारी, रेल्वे, विमाने चालविणाऱ्यांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या वाहतूक खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्टच कळविले की, ‘मी सीबीडी घेतले होते’ हे कारण ऐकून घेतले जाणार नाही. जे तेथे नागरिक नाहीत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी संघराज्याच्या कायद्याने तो निषिद्धच असून, नागरिकत्वाच्या अर्जात तो आड येऊ शकतो, असे तेथील खात्याने एप्रिल २०१९ मध्ये बजावले आहे. कचेरीत बसून संगणकाचे काम करणाऱ्यास परीक्षा द्यावी लागेलच असे नाही. ते ज्या त्या मालकाच्या मर्जीवर. पण नेमणुकीचे पत्र हाती आले असताना ती घेतली जाण्याचा संभव असतो, आणि तेव्हा बाटली फेकून उपयोग नसतो.

येथे माझ्या भगिनींस खसखशीची आठवण करून द्यावीशी वाटते. दिवाळीच्या अनारशांवरील खसखस अफूच्याच बोंडातली. ती खाल्ल्याने मॉर्फिन दिसते, म्हणून अमेरिकन सरकारी परीक्षेतील मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. खसखशीला ही सवलत मिळाली, टीएचसीला नाही. आणि दुबईस फराळ धाडणाऱ्यांनी अनारसे वगळावेत. त्या देशात खसखशीलाच बंदी आहे, मग या तेलाची काय कथा! सिंगापुरात तर तेथील नागरिकाने परदेशात केलेले सेवनही गुन्हाच ठरते.

आपल्याकडचे म्हणाल, तर १९८५ च्या कायद्याने झाडाचा फुलोरा निषिद्ध केला आणि फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या. यामुळेच आयुर्वेदातील ‘विजया’ परवान्याखाली, वैद्याच्या सल्ल्याने मिळते. परंतु भांगेची पाने कायद्यातून सुटली, तरी मूत्रपरीक्षेतून सुटत नाहीत. त्यांत टीएचसी चांगलेच असते. परदेशातून आजीच्या गुडघ्यांसाठी येणारी बाटली तर परवान्याखालचे औषध नव्हे. फुलोऱ्याचा अर्क म्हणून ती विमानतळावर अडू शकते.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपत आली. एक गोष्ट सांगून रजा घेतो. ज्यांचे चिरंजीव होळीनंतर बोटीवर रुजू व्हावयाचे असतील, त्यांनी त्या दिवशी थंडाईच्या पेल्यात काय घातले आहे, ते आधी विचारून घ्यावे. नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात तो अवशेष कित्येक दिवस, क्वचित आठवडेही, सापडतो. आणि रुजू होण्यापूर्वीची तपासणी बहुधा त्याच सुमारास असते.