गुडघ्याची दांडी कोठें असावी
(महोत्सवानिमित्त गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत जो तो कांहीं ना कांहीं बोलणार आहे. कोणी मंदिराच्या उभारणीविषयीं बोलेल, कोणी जुन्या उपदेशकांची आठवण काढील. आमच्या वांट्यास गायकवृंद आला. गायकवृंदापुढें उभें राहिलें म्हणजे संगीताच्या माहात्म्यावर बोलावें अशी अपेक्षा असते. परंतु तें माहात्म्य तुम्ही आमच्याहून अधिक जाणतां, म्हणून आम्ही एका क्षुल्लक वस्तूविषयीं बोलणार आहों. आपल्या पायपेटीच्या, म्हणजे आपण जिला ऑर्गन म्हणतों तिच्या, पट्ट्यांखालीं गुडघ्यानें ढकलावयाची एक लांकडी दांडी आहे. ती कोठें असावी, हा आजचा विषय. हंसूं नका. या दांडीपायीं आमच्या हातून एका बाईंवर अन्याय झालेला आहे, आणि त्या आज येथें पुढच्याच बांकावर बसल्या आहेत.

आधीं वाद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यानें 1842 मध्यें हार्मोनियम या नांवानें आपल्या वाद्याचें पेटंट घेतलें. पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातानें भाता ओढावयाचें सुटसुटीत रूप दिलें, आणि ती पेटी आपल्या भजनांत व कीर्तनांत शिरली. आपला ऑर्गन मात्र निराळ्या शाखेचा. फ्रेंच पेटी वारा पितळी जिभांतून बाहेर फुंकते. अमेरिकेंत, विशेषतः बोस्टनच्या मेसन अँड हॅम्लिन यांच्या कारखान्यांत, जे ऑर्गन होऊं लागले ते वारा आंत ओढून घेतात. त्यामुळें त्यांचा सूर मऊ लागतो. मराठी रंगभूमीलाही ऑर्गनाची अशी गोडी लागली कीं, 1913 मध्यें निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या गायनाची आठवण ऑर्गनाच्या सुरावांचून काढतांच येत नाहीं.

अशा ऑर्गनास बहुधा दोन दांड्या असतात. उजव्या गुडघ्यानें उजवीकडे दांडी ढकलली कीं जिभांवरील झडप हळूहळू उघडते आणि आवाज वाढतो. गुडघा सैल सोडला कीं झडप मिटते. डावी दांडी डावीकडे ढकलली असतां सर्व खुंट्या एकदम ओढल्यासारखें होऊन वाद्य पूर्ण शक्तीनें वाजूं लागतें. हात पट्ट्यांवर गुंतलेले, पाय भाता चालविण्यांत गुंतलेले; मोकळे काय राहिलें, तर गुडघे. ज्या कोणास हें प्रथम सुचलें त्याची आम्हांस मोठी मौज वाटते.

कोणी म्हणेल, आवाज लहानमोठा करण्याची एवढी काय गरज? पोप दहावे पायस यांनीं 1903 मध्यें, संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं जो आदेश काढला त्यांत असें आहे कीं, मान गायनाचा. वाद्यानें गायनास आधार द्यावा, त्यास दडपूं नये. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनें 1963 मध्यें इतर वाद्यांसही, तीं उपासनेस योग्य असतील तर, दार उघडून दिलें. म्हणून आज आपल्या मिस्सेंत ढोलकी व टाळ वाजतात. पण आधार देण्याचें तें तत्त्व सुटलें नाहीं. म्हातारीकोतारी माणसें कोमुन्योच्या वेळीं हलक्या आवाजांत गातात तेव्हां ऑर्गन खालीं आला पाहिजे, आणि नाताळच्या रात्रीं मंदिर भरून गातें तेव्हां तो वर चढला पाहिजे. हें काम सर्वस्वीं त्या दांडीचें.

आतां आमची कबुली ऐका. आम्ही पूर्वीं येथें सहायक म्हणून होतों त्या वेळची ही गोष्ट. उन्हाळ्यांत लांकूड आकसून उजव्या दांडीची बिजागरी सुटली होती. मिस्त्री आला. त्यानें विचारलें, दांडी कोठें बसवूं? आम्ही सेमिनरींत चार वर्षें ऑर्गन शिकलेले, आम्हीं ताबडतोब बांकावर बैठक मारली, आपला गुडघा दाखविला आणि म्हटलें, "येथें." आमची उंची तुम्ही पाहतांच. दांडी आमच्या गुडघ्यास अगदीं बेतून बसली. मिस्त्री पैसे घेऊन गेला.

त्यानंतर सुमारें दोन वर्षें आमच्या धर्मग्रामांत सगळीं गीतें एकाच आवाजांत वाजलीं. दुःखसहनाच्या शुक्रवारीं तोच आवाज, पुनरुत्थानाच्या रविवारींही तोच. वाजविणाऱ्या बाई शाळेंत शिकवीत. पगार न घेतां दर रविवारीं दोन मिस्सांना वाजवीत. आम्हीं एकदां सरावाच्या वेळीं, सर्वांदेखत, त्यांस म्हटलें, "बाई, बोटें बरोबर पडतात, पण वाजविण्यांत भाव नाहीं." बाई कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या रविवारीं आल्या, वाजविलें, घरीं गेल्या. भाव आणण्यासाठीं त्यांनीं काय काय केलें असेल हें आज आठवलें म्हणजे आम्हांस संकोच होतो.

अखेर गायकवृंदांतील एका नऊदहा वर्षांच्या मुलीनें आम्हांस सांगितलें, "फादर, बाईंचा गुडघा पोहोंचत नाहीं." आम्ही जाऊन पाहिलें. बाई ठेंगण्या, पाय फळ्यांवर टेंकावे म्हणून बांकाच्या अगदीं कडेवर बसत. दांडी त्यांच्या गुडघ्यापासून चांगली चार बोटें दूर, आणि उंचही. ती गांठावयाची तर मांडी फांकवावी लागे. साडींत, सर्व लोकांच्या समोर, तें त्यांना शक्य नव्हतें. जोर करून गांठलीच तर पाय फळीवरून सुटे आणि भात्यांतील वारा तुटे. दोन वर्षें त्या बाईंनीं हें कोणास सांगितलें नाहीं, कारण दांडी फादरांनीं बसविली होती.

आम्हीं त्यांची क्षमा मागितली, पण एकांतांत. बोल लावला होता चारचौघांत. ती राहिलेली बाकी आज येथें फेडतों. बाई, चूक आमची होती.

आतां या महोत्सवासाठीं ऑर्गन पुनः उघडला, चामडें नवें घातलें, आणि तोच प्रश्न पुनः आला. या खेपेचा मिस्त्री शहरांतला जुना कारागीर. आम्ही बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, "फादर साब, पहले बजानेवाले को बिठाव." त्याच्या या एका वाक्यांत सगळी विद्या आली. आधीं वाजविणारा बसतो, मग बांक पुढेंमागें होतो, पाय फळ्यांवर येतात; त्यानंतर दांडी. ती गुडघ्याच्या वाटीवर लागूं नये, वाटीच्या किंचित वर, मांडीच्या अंगास लागावी. वाटीवर लागली तर महिनाभरांत गुडघा दुखूं लागतो. स्वस्थ बसलें असतां दांडी व मांडी यांमध्यें एका बोटाचें अंतर असावें. अजिबात अंतर नसेल तर भाता चालवितांना गुडघा सहज हलतो आणि आवाज आपोआप चढूं लागतो. अंतर अधिक झालें तर आमच्या बाईंसारखें होतें. वाजविणारा जोडा घालून वाजवितो कीं अनवाणी, हेंही पाहावें. एवढ्यानें अर्ध्या इंचाचा फरक पडतो. दांडीला लोकरी कापड लावावें, म्हणजे साडी अगर धोतर अडकत नाहीं.

आपल्या गायकवृंदांतील एक तरुण स्टील गिटार वाजवितो. त्यानें आम्हांस अमेरिकेंतील पेडल स्टील गिटार भ्रमणध्वनीवर दाखविली आणि विचारलें, अशा दांड्या आपल्या गिटारीस बसवाव्या काय? तीं चित्रें पाहून आम्ही थक्क झालों. त्या वाद्यास पायाखालीं पेडलें आणि दोन्ही गुडघ्यांस मिळून चार-पांच दांड्या. एक गुडघा डावीकडे, उजवीकडे, क्वचित् वरही ढकलावयाचा. एक दांडी पांढरी तीनची तार चढवून पांढरी चार करते, दुसरी तीच तार उतरवून काळी दोन करते. आतां गंमत पाहा. बडी एमन्स यांच्या मांडणींत पहिलें पेडल अगदीं डावीकडे असतें. जिमी डे यांच्या मांडणींत पेडलांचा क्रम उलटा. तें पहिलें पेडल आणि तार चढविणारी दांडी पुष्कळदां एकत्र लागतात. म्हणून एमन्सच्या मांडणींत ती दांडी डाव्या गुडघ्याच्या डावीकडे ठेवितात आणि डेच्या मांडणींत उजवीकडे, कारण पाऊल जिकडे कलतें तिकडे गुडघा सहज जातो. उजवें पाऊल आवाजाच्या पेडलावर अडकलेलें, म्हणून उजव्या गुडघ्याकडे सोंपीं कामें देणें बरें. सातां समुद्रांपलीकडेही कारागिरांनीं आमच्या मिस्त्रीचीच गोष्ट शोधून काढलेली दिसते.

त्या तरुणास मात्र आम्हीं सांगितलें कीं, तूं दांड्यांच्या मागें लागूं नकोस. त्या दांड्या मुख्यतः अनेक तारा एकदम छेडून स्वरसमूह बदलण्यासाठीं आहेत. आपल्या संगीतांत काम मींडीचें, आणि मींड तर हातांतील पोलादी कांबीनेंच निघते. ब्रिजभूषण काब्रा यांनीं 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत गिटारीवर जें वाजविलें त्याला दांड्यांचें साहाय्य लागलें नाहीं. तो थोडा हिरमुसला आहे, असें दिसतें.

ऑर्गनाची उजवी दांडी या वेळीं अशी केली आहे कीं ती एका खांचेंत पुढेंमागें सरते आणि पितळी पेंचानें घट्ट होते. खांचेवर दोन खुणा आहेत. एक बाईंची, दुसरी, बाई ज्या मुलीस शिकवीत आहेत तिची. ती अद्याप वाढत्या वयाची आहे, तेव्हां तिची खूण दर वर्षीं सरकेल. मिस्त्रीनें म्हणून ती खडूनें केली आहे. आमची खूण त्यावर नाहीं. डावी दांडी जुन्याच जागीं आहे. बाई म्हणाल्या, ती वर्षांतून दोनदांच लागते, राहूं द्या.

आतां सरावास सुरुवात करूं. बाई, बांक पुढें घ्या.